जुन्या गाडीची उंची



खानापूर तालुक्यातील एका घरात बाप-लेकांचा अबोला झाला, आणि त्या अबोल्याचे कारण होते चार स्प्रिंगा. घर साधे, शेतीचे. दारात २००४ सालची मारुती ८०० उभी असते. ती वडिलांनी जुनी म्हणूनच विकत घेतली होती. महिन्यातून एकदा आजीला बेळगावच्या इस्पितळात न्यावयाचे, पावसाळ्यात मुलांना शाळेपर्यंत सोडावयाचे आणि लग्नकार्याला चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरावयाचे, ही सर्व कामे ती एकटी करते. घरातील थोरला मुलगा बावीस वर्षांचा. बेळगावात एका गॅरेजमध्ये तो काम शिकतो. त्याने दोन महिन्यांची बचत खर्चून चार आखूड स्प्रिंगा घरी आणल्या. त्या बसविल्या की गाडी चाळीस मिलिमीटर खाली येते. वडिलांनी खोके उघडून पाहिले आणि गाडीची किल्ली आपल्या कपाटात टाकली.

एका रविवारी दोघेही माझ्या ओसरीवर आले. वडील म्हणाले, "फादर, गाडी आधीच दगडाला घासते, आणि हा तिला आणखी खाली बसवतो म्हणतो." मुलगा म्हणाला, "फादर, पप्पा ऐकूनच घेत नाहीत. गाडी वळणावर झुलते. ती खाली घेतली की रस्ता धरून चालेल." मी दोघांचे ऐकून घेतले. दोघांच्याही बोलण्यात काही तथ्य होते, आणि दोघांच्याही हातून मूळ दुखणे निसटले होते. आज आपल्या कित्येक घरी जुनी गाडी आहे आणि तिच्यावर प्रयोग करण्यास उत्सुक असा एखादा तरुणही आहे. म्हणून हा विषय थोडा सविस्तर लिहीत आहे.

प्रथम स्प्रिंग व स्ट्रट ह्यांची कामे वेगळी ओळखली पाहिजेत. गाडीचा भार स्प्रिंग उचलते. रॉबर्ट हुक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली जो नियम प्रसिद्ध केला, तोच येथे लागू पडतो: ज्या प्रमाणात भार, त्या प्रमाणात स्प्रिंगेचे दबणे. भार दुप्पट झाला की दबणेही दुप्पट होते. चाक खड्ड्यात गेले किंवा दगडावर चढले की स्प्रिंग दबते, सुटते, आणि तो धक्का माणसांपर्यंत पोहोचण्याआधी पुष्कळसा स्वतःच गिळते. परंतु स्प्रिंगेला एक खोड आहे. एकदा हलविली की ती आपण होऊन लवकर थांबत नाही. झोक्याप्रमाणे ती वरखाली होतच राहते.

तिला थांबविण्याचे काम शॉक अब्सॉर्बरचे; आपल्याकडील गॅरेजांत त्याला शॉकअप म्हणतात. त्याच्या नळकांड्यात तेल असते व एक दट्ट्या असतो. दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. चाक हलले की ते तेल त्या अरुंद वाटांतून जोराने ढकलले जाते, आणि हालचालीची शक्ती उष्णतेत रूपांतरित होऊन विरते. लांबच्या खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉकअपचे नळकांडे गरम लागते, त्याचे कारण हेच. शॉकअप गाडीचे वजन तोलीत नाही. म्हणून तो पूर्ण निकामी झाला तरी गाडी दारात पूर्वीच्याच ऐटीत उभी दिसते आणि घरच्यांना काही कळत नाही.

स्प्रिंग व शॉकअप ह्या दोहोंना एकाच उभ्या खांबात गुंफण्याची युक्ती अर्ल मॅकफर्सन ह्या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. जनरल मोटर्समध्ये एका लहान मोटारीची आखणी करीत असताना त्यांनी हा विचार मांडला. ती मोटार बाजारात आलीच नाही. १९४७ साली ते फोर्ड कंपनीत गेले, आणि १९५० साली इंग्लंडमध्ये फोर्डच्या कॉन्सल व झेफिर ह्या गाड्या ह्याच बांधणीच्या पुढील चाकांसह लोकांपुढे आल्या. हा खांब म्हणजेच स्ट्रट. त्याचे वरचे टोक रबरी माउंटिंग व बेअरिंगच्या द्वारे बॉनेटखाली गाडीच्या सांगाड्याला धरलेले असते, आणि खालचे टोक बोल्टांनी चाकाच्या नकलला जखडलेले असते. स्टिअरिंग फिरविले की चाकाबरोबर हा खांबही फिरतो. जागा थोडी लागते, भाग थोडे लागतात, म्हणून लहान मोटारींनी ही बांधणी उचलून धरली. भारतात १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तिच्या पुढील चाकांना हेच स्ट्रट होते. २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तथापि खेड्यापाड्यांत ती अद्याप धावत आहे. त्या मुलाच्या गाडीला मागे स्ट्रट नाहीत. तेथे स्प्रिंग निराळी व शॉकअप निराळा असतो.

येथे एक गोष्ट मनावर बिंबवून घ्यावी. साध्या शॉकअपचे काम फक्त झोका थांबविण्याचे. स्ट्रट मात्र चाकाला सरळ उभे धरणारा हाडाचा भागही आहे. तो वाकला किंवा त्याचा दांडा सैल झाला, तर चाकाचा कल बिघडतो, टायर एका बाजूने झिजतो आणि ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते.

आम्ही तिघेही अंगणात उभ्या असलेल्या त्या गाडीपाशी गेलो. मी मुलाला म्हटले, "अरे, पुढच्या मडगार्डवर भार देऊन सोड पाहू." त्याने दाबले व सोडले. धड गाडी एकदा वर येते आणि लगेच आपल्या जागी स्थिरावते. ही गाडी तीन-चार वेळा खालीवर होत राहिली. मग चाकाआड वाकून पाहिले, तो स्ट्रटच्या नळकांड्यावर तेलाचा ओघळ व त्यावर धुळीचा थर. टायरवर हात फिरविला, तर एक भाग उंच, एक खोल, असे चढउतार लागले. एवढ्या तीन खुणा दिसल्यावर निदानाला अधिक काही लागत नाही. वळणावर गाडी किती कलते हे स्प्रिंग व गाडीची उंची ठरविते. कलल्यावर ती किती वेळ झुलत राहते हे शॉकअप ठरवितो. मुलाला जे झुलणे खटकत होते, त्याचे मूळ उंचीत नसून मेलेल्या स्ट्रटांत होते. आणि वडिलांना जे घासणे खटकत होते, तेही बऱ्याच अंशी त्यामुळेच, कारण एका खड्ड्यातून सावरण्याआधीच गाडी पुढच्या दगडावर आपटत होती. आजी इस्पितळातून आली की दोन दिवस कंबर धरून बसते, असे वडिलांनी जाता जाता सांगितले. त्यांना ते दुखणे वयाचे वाटत होते.

आता, गाडी खाली घेणे हा निव्वळ पोरखेळ आहे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. शर्यतीच्या गाड्या खाली घेतात त्याला सबळ कारण आहे. वळण घेताना गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो, आणि किती जातो हे गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे ह्यावर अवलंबून असते. समजा, तो जमिनीपासून पन्नास सेंटिमीटरवर आहे व आपण तो चार सेंटिमीटरने खाली आणला, तर ही भाराची ओढाताण सुमारे आठ टक्क्यांनी घटते. आखूड स्प्रिंगा जात्याच अधिक ताठ केलेल्या असतात, त्यामुळे गाडी कमी कलते. गुळगुळीत, ओळखीच्या रस्त्यावर हा लाभ खरा आहे. मुलाने जे वाचले होते व ऐकले होते, ते खोटे नव्हते.

परंतु ह्या लाभाची किंमत कोठे चुकवावी लागते तेही पाहावे. पहिली किंमत चाकाच्या धावेची. समजा, चाकाला वर सरकण्यास ऐंशी मिलिमीटर जागा होती. गाडी चाळीस मिलिमीटर खाली बसविली की त्यातली अर्धीच उरते. तोच धक्का अर्ध्या अंतरात थोपवावयाचा, म्हणजे सरासरी दुप्पट जोर लावला पाहिजे. म्हणून आखूड स्प्रिंग ताठ करावी लागते. एवढे करूनही खड्डा मोठा असेल तर स्ट्रटवरील रबरी ठोकळ्यावर गाडी आदळते. वळणात असे घडले तर त्या चाकाची पकड एकाएकी सुटू शकते, आणि जी गाडी रस्ता धरून चालावी म्हणून खाली घेतली तीच रस्ता सोडते.

दुसरी किंमत ताठ स्प्रिंग व जुना शॉकअप ह्यांच्या विजोड जोडीची. शॉकअपच्या झडपा मूळ स्प्रिंगेच्या जोराला बेतून केलेल्या असतात. अधिक ताठ स्प्रिंग सुटताना अधिक जोराने उसळते, तिला आवरण्यास जुना शॉकअप अपुरा पडतो. शिवाय स्प्रिंग आखूड पण स्ट्रट मूळ लांबीचा असला, तर जॅक लावून चाक अधांतरी होताच स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल पडू शकते. म्हणून जाणते लोक आखूड स्प्रिंगेबरोबर तिच्याच मापाचा नवा स्ट्रट बसवितात. नव्या स्प्रिंगा आणि थकलेले स्ट्रट हे जोडपे कधीही लावू नये. त्या मुलाने स्प्रिंगा घेतल्या होत्या. स्ट्रटांसाठी पैसे उरले नव्हते.

तिसरी किंमत लोअर आर्मच्या कोनाची. स्ट्रटच्या गाडीत हा आर्म चाकाला खालून धरतो, आणि गाडी मूळ उंचीवर असताना तो बहुधा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी फार खाली घेतली की तो आडवा होतो, किंवा उलट चढता होतो. मग ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्याहूनही अधिक खाली सरकतो, आणि गाडीला कलविणारी तरफ लांबते. खाली घेऊन जे कमवावयाचे त्यातले बरेचसे येथे गमावले जाते. स्टिअरिंगच्या दांड्याचा कोनही बदलतो, त्यामुळे खड्ड्यात चाक आपण होऊन थोडे वळू लागते.

चौथी किंमत तर आपल्या वाटेवरच पडलेली आहे. मारुती ८०० ची जमिनीपासूनची उंची कागदावर सुमारे १७० मिलिमीटर. त्यातून चाळीस वजा केले, उरले १३०. पाच माणसे व सामान बसल्यावर गाडी आणखी काही बोटे दबते. आता गतिरोधक पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे बांधलेला गोलाकार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असतो, आणि त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असते. ह्या गाडीच्या पुढील व मागील चाकांत २.१७५ मीटरचे अंतर आहे. हिशेब केला तर असा गतिरोधक दोन चाकांच्या मध्ये फक्त साडेतीन सेंटिमीटर उचलून येतो. त्यावरून खाली घेतलेली गाडीही सुखरूप जाईल. परंतु आपल्या गावांत असे गतिरोधक किती? आपल्याकडे रातोरात उभारलेला डांबराचा अरुंद उंचवटा असतो. तो दोन चाकांच्या मध्ये संपूर्ण मावतो, आणि त्याची सारी उंची गाडीच्या पोटाशी भिडते. तेथे तेलाच्या चेंबरला भेग पडली तर इंजिनाचेच आयुष्य संपते. घाटातील पावसाने उखडलेल्या रस्त्याविषयी मी निराळे काय सांगावे?

पाचवी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा फेरबदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे कलम कडकपणे वाचले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व तिचे नूतनीकरण तपासणीनंतर होते. जुन्या गाडीला हा दरवाजा पुनःपुन्हा ओलांडावा लागतो. म्हणून ज्यास उंची बदलावयाची असेल त्याने आधी परिवहन कार्यालयात लेखी विचारावे व विमा कंपनीसही कळवावे. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नाही. मूळ मापाचे, मूळ प्रकारचे नवे स्ट्रट बसविणे ही मात्र केवळ दुरुस्ती आहे.

आणि ज्यांची घाई स्प्रिंग विकत घेण्याइतकीही थांबत नाही, ते मूळ स्प्रिंगेचेच एक-दोन वेढे कापून टाकतात. हा प्रकार सर्वांत वाईट. गॅसच्या ज्योतीने कापताना पोलादाचे पाणी उतरते, कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि अशी स्प्रिंग केव्हा तुटेल ह्याचा भरवसा नसतो. हे कोणी सुचविले तर त्याच्या दारातून गाडी परत आणावी.

आता कामाची रीत सांगतो. स्प्रिंग आखूड असो की मूळ मापाची, रीत तीच आहे. हे काम पाहून समजते, तथापि पहिल्यांदा ते जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीच करावे.

आदल्या दिवशी सर्व गंजलेल्या नट-बोल्टांवर गंज सोडविणारे तेल घालून ठेवावे. सकाळी गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. चाकाचा मध्य व मडगार्डची कड ह्यांतले अंतर चारही बाजूंस मोजून लिहून ठेवावे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावे. दुसऱ्या टोकाच्या चाकांना उटी लावावी. मग जॅकने उचलून गाडी लोखंडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातही घालू नये. ह्या एका आळसाने अनेकांचे प्राण गेले आहेत.

चाक काढल्यावर ब्रेकचा होज पाइप स्ट्रटवरून सोडवावा. नकल व स्ट्रट जोडणाऱ्या बोल्टांची जागा खुणेने आखून घ्यावी, म्हणजे परत बसविताना चाकाचा कल फारसा बदलत नाही. नकल बाहेर कलंडून होज पाइपवर लोंबकळू लागेल, म्हणून ती तारेने बांधून ठेवावी. मग खालचे बोल्ट काढावे, आणि शेवटी बॉनेटखालील माउंटिंगचे नट. स्ट्रट हाताने धरूनच हे शेवटचे नट काढावे. माउंटिंगच्या मधोमध जो एक मोठा नट दिसतो, त्यास मात्र ह्या वेळी स्पर्श करू नये.

तो नट म्हणजे बाटलीतल्या वाफेचे झाकण. त्याच्याखाली स्प्रिंग दबून बसलेली आहे. समजा, एक मिलिमीटर दबण्यास दोन किलो भार घेणारी स्प्रिंग दीडशे मिलिमीटर दबली आहे. तर ती तीनशे किलोच्या जोराने सुटण्याची वाट पाहत आहे. तिच्यात साठलेली शक्ती बावीस किलोचे ओझे एक मीटर उंचीवरून पडावे एवढी आहे, आणि ती सारी एका क्षणात, एका दिशेने, समोर वाकलेल्या चेहऱ्याकडे येते. म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसर हवाच. त्याचे दोन आकडे स्प्रिंगेच्या समोरासमोरच्या बाजूंस लावावे, आळीपाळीने थोडे थोडे आवळावे, आणि स्प्रिंगेचे टोक बैठकीतून मोकळे झालेले डोळ्यांनी पाहिल्यावरच मधला नट सोडवावा. दोरी, तार किंवा साखळी बांधून हे काम करणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे.

स्ट्रट उघडला आहेच, तर वरचे बेअरिंग, रबरी माउंटिंग, ठोकळा व धूळ अडविणारे रबरी मोजे हेही नवे घालावे. जुन्या गाडीत रबर आधी मरते, पोलाद मागाहून. नवा स्ट्रट उभा धरून त्याचा दांडा तीन-चार वेळा पूर्ण दाबावा व ओढावा, म्हणजे आतील हवा निघून तेल जागी येते. स्प्रिंगेचे टोक बैठकीतल्या खाचेत नेमके बसले पाहिजे. स्ट्रट नेहमी जोडीने बदलावे. एक बाजू नवी व एक जुनी अशी गाडी ब्रेक लावताना सरळ राहत नाही. नट आवळताना कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याचा उपयोग करावा.

मागील बाजूस शॉकअपचे खालचे बोल्ट काढून, जॅकच्या आधाराने ॲक्सल हळूहळू खाली आणला की स्प्रिंग हाताने निघते. तेथेही ब्रेकचा होज पाइप ताणला जात नाही ना, हे पाहावे. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी राहून तिचा भार पडल्यावरच शेवटचे आवळावे. अधांतरी आवळले तर रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते व लवकर फाटते.

सर्व बसल्यावर व्हील अलाइनमेंट केलेच पाहिजे, मग पावती कितीही जड वाटो. न केल्यास तेवढे पैसे टायर खातो. गाडीची उंची बदलली असेल तर हेडलाइटचा झोतही नव्याने लावावा, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. शंभर किलोमीटर चालल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा एकदा तपासावा.

हे सर्व ओसरीवर एका बैठकीत सांगून झाले असे नव्हे. दोघे तीनदा येऊन गेले. शेवटी मी मुलाला विचारले, "ह्या गाडीत सर्वांत जास्त वेळ मागच्या बाकावर कोण बसते?" तो काही बोलला नाही. वडिलांनाही मी एक प्रश्न विचारला. गाडीत काहीतरी बिघडले आहे, असे मुलगा सहा महिने सांगत होता; त्यांनी एकदा तरी बॉनेट उघडून पाहिले होते काय? तेही बोलले नाहीत.

मूळ मापाचे दोन स्ट्रट व मागचे दोन शॉकअप वडिलांनी आणले. काम मुलाने केले, गॅरेजच्या मिस्त्रीने शेजारी उभे राहून पाहिले, आणि कॉम्प्रेसर आवळताना वडिलांनी बॅटरीचा उजेड धरला. आखूड स्प्रिंगा परत घेण्यास दुकानदार तयार झाला नाही. त्यांचे खोके माळ्यावर आहे. "माझी स्वतःची गाडी होईल तेव्हा बघीन," असे मुलगा म्हणतो, आणि त्याचे ते म्हणणे मी खोडले नाही. बचतीचे पैसे गेल्याची रुखरुख त्याच्या चेहऱ्यावर अजून दिसते. पुढील महिन्यात इस्पितळाहून परतल्यावर आजी गाडीतून उतरून कोणाचा हात न धरता पायरी चढल्या, एवढे मात्र त्याने मला आपण होऊन सांगितले.

वाचकहो, पावसाळा सुरू होण्यापूर्वी आपल्या दारातील गाडीच्या चारही कोपऱ्यांवर एकेकदा भार देऊन सोडा. ती किती वेळा झुलते ते मोजा. आणि घरातील एखादे मूल गाडीबद्दल काही तक्रार करीत असेल, तर किल्ली कपाटात टाकण्याआधी त्याच्याबरोबर खाली वाकून चाकाआड एकदा पाहा.